अकरा महिन्यांची गाडी घ्यायची आहे: भाव कसा ठरवावा आणि कर्ज कसे घ्यावे?

सुरंगी | ३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. आम्ही पावसजवळ राहतो. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि यजमानांची हापूसची साठेक कलमे आहेत. आमची २०१२ सालची छोटी गाडी आता आंबा घाटात फारच त्रास देऊ लागली आहे, म्हणून ती काढून दुसरी घ्यायचे ठरवले आहे.

आमच्याच वाडीतल्या एका काकांचा मुलगा पनवेलला असतो. नोकरीनिमित्त त्याला दोन महिन्यांत परदेशी जायचे असल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये घेतलेली गाडी तो विकत आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, चार मीटरच्या आतली, ११९७ सीसीची असून ९,२०० किलोमीटर चालली आहे आणि पासिंग पनवेलचे, म्हणजे एमएच ४६ चे आहे. तो ९ लाख २५ हजार मागतो. त्याचे म्हणणे असे की त्याला ही गाडी रस्त्यावर येईपर्यंत जवळजवळ ११ लाखांना पडली, तेव्हा पावणेदोन लाखांचा तोटा तो सोसतोच आहे. गाडीवर त्याच्या बँकेचे ५ लाख १० हजारांचे कर्ज अजून बाकी आहे.

आमच्याजवळ रोख ३ लाख आहेत. माझा पगार दरमहा येतो, पण बागेचे पैसे एप्रिल ते जून याच काळात हाती पडतात. भाव किती योग्य, कर्ज कोणाच्या नावाने आणि कोठून घ्यावे, आणि त्याचे जुने कर्ज फेडण्याचा व्यवहार पैसे न अडकता कसा करावा, या तिन्ही बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मांडवी | ३ नोव्हेंबर

बाकीचे लोक सविस्तर लिहितीलच. मी एवढेच सांगते की वाडीतला व्यवहार आहे म्हणून कागद मागायला संकोच करू नका. भीड भिकेची बहीण. काकांशी असलेले संबंध कागद नीट केल्याने बिघडत नाहीत, न केल्याने मात्र बिघडलेले मी घरातच पाहिले आहेत.

खातेवही | ४ नोव्हेंबर

मी बँकेतून निवृत्त झालो असून शेवटची काही वर्षे वाहनकर्जाचेच काम पाहत होतो. प्रथम भावाविषयी लिहितो.

विकणाऱ्याने ११ लाख घातले हे खरे असेल, पण तो आकडा आज तुमच्या कामाचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक १ टक्का उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याने गाडी घेतली तेव्हा तिची शोरूम किंमत ९ लाख ४० हजार असेल, तर कर वजा जाता मूळ किंमत सुमारे ७ लाख २९ हजार होते. तिच्यावर १८ टक्के धरले तर आजची शोरूम किंमत ८ लाख ६० हजारांच्या आसपास येते, म्हणजे काहीही न करता ८० हजारांचा फरक पडला. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ताकर आहे, तो ९४ हजार ६०० होईल. विमा, नोंदणी आणि किरकोळ खर्च धरून तीच गाडी आज कोरी करकरीत सुमारे १० लाखांत दारात उभी राहते. तेव्हा मोजणी १० लाखांपासून खाली करायची, ११ लाखांपासून नव्हे. रत्नागिरीतल्या शोरूममधून आजच्या तारखेचे लेखी दरपत्रक घ्या आणि बोलणी करायला जाताना ते बरोबर ठेवा. तोंडी सांगितलेल्या आकड्याला कोणी मान देत नाही.

दुसरी गोष्ट, गाडी डिसेंबरची आहे. नोंदणी डिसेंबर २०२४ ची आणि उत्पादन त्याच्याही आधीचे असल्यामुळे, दोन महिन्यांनी २०२६ उजाडले की बाजार तिला 'चोवीसचे मॉडेल' म्हणूनच ओळखेल. घेताना ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे, मात्र उद्या विकताना तीच तुमच्या विरुद्ध जाईल.

वाशिष्ठी | ४ नोव्हेंबर

भाव ठरवण्याच्या आधी गाडी उजेडी उभी करून पाहा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये माझ्या सासऱ्यांची गाडी बुडाली होती, तेव्हापासून कोणतीही गाडी पाहताना मी आधी चालकाचा पट्टा (सीटबेल्ट) शेवटपर्यंत ओढून पाहतो. पट्टा बाहेरून कोणीही धुतो, पण गुंडाळीत शेवटी राहणाऱ्या भागावर चिखलाची रेघ तशीच राहते. त्यानंतर पुढच्या आसनाखालचे बोल्ट, फ्यूजपेटीचे कोपरे आणि हेडलाइटच्या आतली बाजू पाहावी. सुगंधी फवारा मारलेली गाडी असेल तर काचा बंद करून पाऊण तास उन्हात ठेवावी. ओल असेल तर वास वर येतोच.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ९,२०० किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर मूळचेच असायला हवेत आणि त्यांचे आठवडे एकमेकांच्या जवळचे हवेत. एखादाच टायर वेगळा निघाला तर त्याचे कारण विचारावे. किलोमीटर खरे आहेत की नाही हे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींवरून कळते. मालकाला बरोबर नेले की ते नोंदी दाखवतात.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे खारी हवा. गाडी नवी असली तरी खालून पाहा.

तेरेखोल | ५ नोव्हेंबर

थोडे अवांतर वाटेल, पण हा धागा वाचणाऱ्या सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मंडळींसाठी लिहितो. आमच्याकडे 'गोवा पासिंगची घ्या, स्वस्त पडते' असे सर्रास सांगितले जाते. गाडी कायमची महाराष्ट्रात वापरायची असेल तर बारा महिन्यांच्या आत येथे पुनर्नोंदणी करावी लागते, गोव्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. मी हे सारे केले आहे, आणि वाचलेले पैसे त्यातच गेले. सुरंगीताईंची गाडी पनवेलची असल्यामुळे ही कटकट त्यांना नाही. राज्य तेच असल्याने रस्ताकर पुन्हा भरावा लागत नाही आणि क्रमांकही तोच राहतो.

सुरंगी | ९ नोव्हेंबर

सर्वांचे आभार. काल मुलगा गाडी घेऊन गावी आला होता, तेव्हा यजमान, आमचे नेहमीचे मेकॅनिक आणि मी अशा तिघांनी ती पाहिली. पट्टे स्वच्छ निघाले, टायरचे आठवडे जुळले आणि सर्व्हिसच्या नोंदीही बरोबर आहेत. गाडी मी स्वतः गोळप कट्ट्यापर्यंत चालवली. क्लच हलका आहे आणि ब्रेक लावताना गाडी कोणत्याही बाजूला ओढत नाही.

मग मेकॅनिकनी डिकीतली चटई उचलली, तिच्याखालचा पुठ्ठा काढला आणि स्टेपनी बाहेर घेतली. खोबणीच्या तळाशी मूठभर बारीक वाळू होती आणि तिच्यात नखाएवढा एक शिंपला होता. मेकॅनिक काही बोलले नाहीत, त्यांनी तो शिंपला उचलून बॉनेटवर ठेवला. नंतर ते गाडीखाली सरपटत गेले आणि सायलेन्सर धरून ठेवणाऱ्या कड्या बोटाने खरवडून दाखवल्या, तेव्हा वरची पांढरट पूड निघून खाली तांबूस गंज दिसला. मुलाने लगेच सांगून टाकले की मे महिन्यात मित्रांबरोबर गुहागरच्या किनाऱ्यावर गाडी खाली उतरवली होती, भरतीच्या वेळी ती रुतली आणि ट्रॅक्टर लावून काढावी लागली. पाणी आत शिरले नव्हते, असे तो म्हणतो, आणि आतील भाग पाहता ते खरे वाटते. मेकॅनिकच्या मते गंज वरवरचा आहे. खालचा भाग दाबाने धुऊन, दोन कड्या बदलून, गंजरोधक थर द्यायला साडेसहा हजार खर्च येईल.

आता हे साडेसहा हजारच भावातून वजा मागायचे की जास्त?

जांभाचिरा | ९ नोव्हेंबर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. समुद्रात रुतलेली गाडी सव्वानऊ लाखांना घेण्यापेक्षा आणखी पाऊण लाख घालून कोरी गाडी का घेत नाही? डिसेंबरात शोरूमवाले वर्षअखेरीची सूट देतात, नव्या गाडीला व्याजदर कमी लागतो, हमीचा काळ पहिल्या दिवसापासून आपला असतो आणि पूजाही आपल्याच हातून होते. जवळजवळ नवी गाडी म्हणजे पहिल्या मालकाच्या हौसेचा खर्च आपण भरायचा, असे माझे मत आहे.

खातेवही | १० नोव्हेंबर

जांभाचिरा यांचे म्हणणे ९ लाख २५ हजार या भावाला पूर्णपणे लागू आहे, आणि ते आकड्यांनीच दाखवतो.

तुमच्याजवळचे ३ लाख दोन्हीकडे सारखेच धरू. नवी गाडी १० लाखांची, कर्ज ७ लाख, दर ९ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता १४,५३१ रुपये येतो आणि गाडी एकंदर ११ लाख ७२ हजारांना पडते. जुन्या गाडीच्या कर्जाला दर जास्त असतो, तो साडेबारा टक्के धरला, तर ९ लाख २५ हजारांच्या गाडीसाठी ६ लाख २५ हजारांच्या कर्जाचा हप्ता १४,०६१ रुपये येतो आणि एकंदर खर्च ११ लाख ४४ हजार होतो. म्हणजे बोलताना जो फरक ७५ हजारांचा वाटतो तो शेवटचा हप्ता जाईपर्यंत २८ हजारांवर येतो, आणि महिन्याला तर तो फक्त ४७० रुपये असतो. एवढ्यासाठी दुसऱ्याची वापरलेली गाडी घेऊ नये.

तीच गाडी साडेआठ लाखांना मिळाली, तर कर्ज साडेपाच लाख, हप्ता १२,३७४ आणि एकंदर १० लाख ४२ हजार होतात; नव्यापेक्षा १ लाख २९ हजार कमी. येथे व्यवहाराला अर्थ येतो. तेव्हा माझ्या हिशेबाने साडेआठ ही तुमची वरची मर्यादा असावी.

वाळूबद्दल विचारले आहे. साडेसहा हजार हा धुण्याचा आणि कड्यांचा खर्च झाला. खाऱ्या पाण्याचा जो परिणाम आज दिसत नाही त्याची जोखीम तुम्ही घेणार आहात, आणि तिची किंमत त्याहून अधिक आहे. बोलताना मात्र शिंपल्याचा उच्चार एकदाच करावा. पुन:पुन्हा दोष काढले की विकणारा हट्टाला पेटतो.

काजूगर | १० नोव्हेंबर

व्याजदराविषयी एक अनुभव लिहून ठेवतो. मागच्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून दीड वर्षाची गाडी घेत होतो. त्याच्याकडे बसणाऱ्या कर्ज एजंटाने 'फक्त साडेसात टक्के' असे सांगितले. बँक साडेबारा म्हणत असताना हा साडेसात म्हणतो, म्हणून मी हुरळलो होतो. नंतर कळले की तो 'फ्लॅट' दर होता. फ्लॅट दरात पाचही वर्षे मूळ रकमेवरच व्याज आकारतात, फेडलेली मुद्दल त्यातून वजा होत नाही. साडेपाच लाखांवर साडेसात टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांचे व्याज २ लाख ६ हजार २५० आणि हप्ता १२,६०४. घटत्या शिलकेवर साडेबारा टक्क्यांचा हप्ता खातेवही यांनी वर १२,३७४ दिलाच आहे. साडेसात फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवर साधारण १३.३ टक्के झाले. दर विचारूच नये, मुदत पक्की करून हप्ता विचारावा, हे मी त्यातून शिकलो.

त्याच विक्रेत्याने किमतीवर 'जीएसटी वेगळा, १८ टक्के' असेही लिहिले होते. व्यापाऱ्याने जुनी गाडी विकली तर कर त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर असतो, पूर्ण किमतीवर नव्हे. ७ लाख ८० हजारांना घेऊन साडेआठला विकली तर १८ टक्के लागतात ते ७० हजारांवर, म्हणजे १२,६०० रुपये. पूर्ण किमतीवर धरले असते तर १ लाख ५३ हजार झाले असते! मी तेथून उठून आलो. सुरंगीताईंचा व्यवहार दोन खाजगी व्यक्तींमधला असल्याने त्यांना हा करच लागू होत नाही.

खातेवही | १० नोव्हेंबर

काजूगर यांच्या म्हणण्यात एका गोष्टीची भर घालतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक किरकोळ कर्जाला एक 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते आणि त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची असेल तर त्या एकाच आकड्याची करावी. कर्जासोबत जीवनविमा घेण्याचा आग्रह झाला आणि तो नको असेल तर तसे अर्जावर लिहून द्यावे. मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास किती आकार लागेल तेही त्याच कागदावर पाहावे, कारण बागायतदाराच्या घरी जूनमध्ये पैसे येतात आणि तेव्हा मुद्दल कमी करायची इच्छा होते.

कर्ज ताईंच्या नावाने आणि पगाराच्या खात्यावर घ्यावे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बागेच्या उत्पन्नाची विवरणपत्रे बहुतेकांकडे नसतात आणि शाखाधिकारी आंबा विक्रीच्या पावत्या मागत बसतो. यजमानांना सहअर्जदार करावे.

सुरंगी | १६ नोव्हेंबर

सौदा ठरला. काकांच्या ओटीवर बसूनच बोलणे झाले. यजमानांनी शोरूमचे दरपत्रक पुढे ठेवले, तेव्हा मुलाने ते दोनदा वाचले आणि म्हणाला, "किंमत कमी झाल्याचे मला ठाऊक होते, पण आकडा कागदावर पाहिला नव्हता." तो ९ लाखांवर आला. आम्ही ८ लाख २० हजार म्हणालो. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. काकू सोलकढी घेऊन आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तुला जायचंय की गाडी सांभाळत बसायचंय?" शेवटी साडेआठ लाखांवर दोघेही थांबलो. गंजाचे काम आम्हीच करून घेऊ असे कबूल केले. २१ हजार विसार बँकेतून दिला आणि विसारपावतीवर गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, किलोमीटर, कर्जाची बाकी आणि 'कर्ज फिटून बोजा उतरल्याशिवाय उर्वरित रक्कम देय नाही' हे वाक्य लिहून घेतले.

आता पेच असा आहे. माझी बँक म्हणते, आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, दुसऱ्या बँकेचा बोजा असेपर्यंत आम्ही कर्जाचे पैसे सोडणार नाही. मुलगा म्हणतो, पैसे आल्याशिवाय मी कर्ज फेडू कशाने?

खातेवही | १६ नोव्हेंबर

या धाग्यातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

काही बँका आपल्या ग्राहकाच्या वतीने थेट जुन्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने डीडी काढतात. तुमची शाखा तसे करायला तयार आहे का, हे लेखी अर्ज देऊन एकदा विचारा. नसेल, तर ५ लाख १० हजारांची सोय तुम्हालाच काही काळापुरती करावी लागेल. तुमच्याजवळ ३ लाख आहेत (विसाराचे २१ हजार त्यातच धरू). उरलेल्या २ लाख १० हजारांसाठी सोनेतारण हा सर्वांत जलद मार्ग आहे.

पण पैसे कोणत्याही परिस्थितीत मुलाच्या बचत खात्यात टाकू नका. त्याच्या बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचे पत्र त्या दिवसाच्या तारखेचे घ्या, त्यात कर्जखात्याचा क्रमांक असतो, आणि रक्कम थेट त्या खात्यात भरा. विसाराचे २१ हजार त्यानेही त्याच दिवशी तेथेच भरावेत. मुलगा प्रामाणिकच आहे, तरीही बचत खात्यात आलेली रक्कम एखाद्या दुसऱ्या हप्त्यापोटी आपोआप वळती होऊ शकते. कर्ज बंद झाले की बँक ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्यासह दोन प्रती देते. त्या घेऊन पनवेलच्या आरटीओत बोजा उतरवायचा, तेथून फॉर्म २८ वर रत्नागिरीसाठी ना हरकत घ्यायची, आणि मग फॉर्म २९ च्या दोन प्रती व फॉर्म ३० भरून रत्नागिरीत नाव बदलायचे. नव्या कर्जाचा बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४ त्याच वेळी जोडावा. मुलगा परदेशी जाण्याआधी त्याच्या सह्या प्रत्येक कागदावर घ्या. चासी क्रमांकाचा पेन्सिलीचा ठसाही दोन-तीन प्रतींत काढून ठेवा, ऐन वेळी तो पुसट निघतो.

रोखीने काहीही देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्यानेच मनाई आहे.

मांडवी | १७ नोव्हेंबर

गाडीसाठी दागिने गहाण ठेवणे मनाला पटत नाही. सोने अडीनडीला असते.

सुरंगी | १७ नोव्हेंबर

मांडवीताई, माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या. पण त्यातूनच एक वेगळी कल्पना सुचली. सोनेतारण पाच आठवड्यांत मोडण्याऐवजी आंब्यापर्यंत चालू ठेवले, तर बँकेकडून साडेपाचऐवजी फक्त ३ लाख ४० हजार घ्यावे लागतील. पतसंस्था दहा टक्के सांगते आणि मुदतीअखेर एकरकमी फेड चालते. सात महिन्यांचे व्याज १२,२५० होते, आणि बागेचे पैसे ज्या महिन्यात येतात त्याच महिन्यात ते फिटते. ३ लाख ४० हजारांचे कर्ज तीन वर्षांतच फेडायचे ठरवले तर हप्ता ११,३७४ येतो, जो पगारातून झेपतो. एकूण बेरीज ९ लाख ३२ हजारांच्या आत बसते. खातेवही, यात कोठे चुकते आहे का?

खातेवही | १७ नोव्हेंबर

आकडेमोड बरोबर आहे. फक्त यंदा मोहोर गळला तर काय, एवढे उत्तर तयार ठेवा. मुदत संपण्याआधी व्याज भरून तारण पुढे चालू ठेवता येते का, ते पतसंस्थेला आजच विचारून घ्या.

घाटवाट | १९ नोव्हेंबर

विकणाऱ्याच्या बाजूनेही कोणी लिहावे, म्हणून लिहितो. मी २०१९ साली लांज्याच्या एका गृहस्थांना गाडी विकली, सह्या करून कागद दिले आणि विसरलो. त्यांनी दोन वर्षे नाव बदलले नाही. वेगाची आणि सिग्नल मोडल्याची चलने माझ्या मोबाइलवर येत राहिली, ती तरी बरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात कोणाला विकली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. तो निकाल वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ताई, त्या मुलाला ताबा दिल्याची पावती करून द्या आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळचे चलन कोणाचे आणि दुपारचे कोणाचे, यावर पुढे वाद होत नाही.

वाशिष्ठी | १९ नोव्हेंबर

विम्याचे कोणी लिहिले नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा असतो, म्हणजे या गाडीचा डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. तो ताईंच्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीला व्यवहारानंतर १४ दिवसांत अर्ज द्यावा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एका वर्षाचाच असतो आणि तो डिसेंबरात संपेल. तो मुलाच्या नावाने नूतनीकरण करून घेऊ नका. 'नो क्लेम बोनस' माणसाचा असतो, गाडीचा नाही. मुलाचा बोनस तुम्हाला मिळणार नाही. पण तुमची २०१२ ची गाडी विकताना तुमचा बोनस राखून ठेवल्याचे पत्र विमा कंपनीकडून घ्या. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्के असतो आणि नव्या पॉलिसीत नुकसानीच्या हप्त्यातून वजा होतो.

विमा कंपनी गाडीची किंमत दुसऱ्या वर्षी कंपनीच्या चालू दरातून २० टक्के घट धरून ठरवते. ८ लाख ६० हजारांतून २० टक्के गेले की ६ लाख ८८ हजार राहतात. उद्या गाडी पूर्ण निकामी झाली तर तेवढेच मिळतील, हे कर्ज घेताना लक्षात असू द्या.

सुरंगी | १४ जानेवारी २०२६

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. २१ नोव्हेंबरला कर्जखात्यात रक्कम भरली. त्याच्या बँकेने पत्र द्यायला नऊ दिवस घेतले आणि फॉर्म ३५ च्या एका प्रतीवर शिक्काच नव्हता, म्हणून मुलाला पनवेलच्या शाखेत पुन्हा जावे लागले. डिसेंबरच्या मध्यावर बोजा उतरला. रत्नागिरीत कागद दिल्यानंतर माझ्या बँकेने ३ लाख ४० हजारांचा डीडी मुलाच्या नावाने काढला. तो परदेशी जाण्याच्या आदल्या दिवशी काकांच्या हाती दिला आणि ताबापावतीवर सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे अशी वेळ लिहिली. काकांना त्याचे हसू आले, पण त्यांनी सही केली.

आरसी काल टपालाने आली, माझ्या नावाची. जुन्या गाडीचा बोनस ५० टक्के मिळाला. कड्या बदलल्या आणि खालचा थर दिला. साडेसहाऐवजी सात हजार दोनशे झाले. शिंपला यजमानांनी डॅशबोर्डवर ठेवला आहे, तो काढायला ते तयार नाहीत.

एकच गोष्ट राहून गेली होती, ती पुढच्यांसाठी लिहिते. काचेवरचा फास्टॅग मुलाच्याच खात्याला जोडलेला होता. गेल्या आठवड्यात आम्ही पुण्याला जाऊन आलो, तेव्हा रात्री त्याचा संदेश आला, "काकू, परतीचा टोल पण माझ्याच खात्यातून गेला वाटतं." एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, आणि जुना ज्याच्या नावाचा आहे त्यानेच बंद केल्याशिवाय नवा चालू होत नाही. त्याने तेथूनच अर्ज केला आहे. टोलचे पैसे मी त्याला पाठवले.